हेवी म्हणजे किती?

तारापूरच्या किनाऱ्यावर एकाच कुंपणात चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन साध्या पाण्याच्या, तिसरी आणि चौथी ‘हेवी वॉटर’च्या. तिथून बोईसरकडे निघालं की औद्योगिक वसाहत लागते, आणि तिच्या सांडपाण्याचा विषय निघाला की ‘हेवी मेटल’ हा शब्द येतोच. वसाहतीतून चिल्हार फाट्याकडे, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जाणारा रस्ता ‘हेवी गाड्यां’चा. पावसाळ्यात पालघर जिल्ह्यासाठी ‘हेवी रेन’चा इशारा येतो. आणि नोकरीला आलेला माणूस खोली शोधायला लागला की एजंट विचारतो, ‘भाड्याने पाहिजे की हेवी डिपॉझिटवर?’

शाळेच्या शब्दकोशात या विशेषणाचा अर्थ ‘जड’ असा एका शब्दात संपतो. या पाच ठिकाणी मात्र ते पाच वेगवेगळ्या गोष्टी सांगतं. एकीकडे अणूच्या गाभ्यातला एक जादा कण, दुसरीकडे विषारीपणाबद्दलची भीती, मग किलोग्रॅम, मग मिलिमीटर आणि शेवटी रुपये. मोजपट्टी प्रत्येक वेळी बदलते आणि विशेषण ती कधीच उघडपणे सांगत नाही. ती आपण शोधायची असते. बोईसर-तारापूरच्या माणसाच्या पगाराशी, पाण्याशी आणि घराशी या शब्दाचा रोजचा संबंध आहे, म्हणून इथे तरी तो नीट समजून घ्यायला हवा.

इंग्रजीतला ‘हेवी’ हा ‘हीव्ह’, म्हणजे जोर लावून उचलणे, या क्रियापदाच्या कुळातला. जे उचलायला जोर लागतो ते हेवी. त्यामुळे जिथे जोर, प्रमाण किंवा ताण जास्त, तिथे तिथे तो पसरत गेला. मराठीने हे काम वाटून दिलं आहे. वाहन ‘अवजड’, पाऊस ‘मुसळधार’, झोप ‘गाढ’, रहदारी ‘प्रचंड’, नुकसान ‘मोठं’, अन्न ‘पचायला जड’. आपला ‘जड’ तर मुळात संस्कृतातला, आणि तिथे त्याचा अर्थ निर्जीव, मंद, बधिर असा होता. ‘जड आणि चेतन’ या जोडीत तोच अर्थ आहे. इंग्रजीचा शब्द उचलणाऱ्याच्या बाजूने बोलतो, आपला शब्द न हलणाऱ्या वस्तूच्या बाजूने. म्हणून दोघांना एकमेकांच्या जागी सरसकट बसवलं की गोंधळ होतो. तारापूरच्या परिसरात हा गोंधळ सर्वांत जास्त पाण्यावरून होतो.

आपल्याकडे बोअरवेलच्या पाण्यात डाळ शिजली नाही, साबणाला फेस आला नाही की बायका म्हणतात, ‘पाणी जड आहे.’ हे पाणी क्षारयुक्त असतं, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाठ्यपुस्तक त्याला दुष्फेन पाणी म्हणतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात हा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. पण वजनाच्या दृष्टीने या पाण्यात आणि नळाच्या पाण्यात जाणवण्यासारखा काहीच फरक नसतो. दुसरीकडे अणुभट्टीतल्या ‘हेवी वॉटर’लाही मराठीत ‘जड पाणी’च म्हणतात. आणि ते खरोखर वजनाने जड असतं. साधं पाणी लिटरला एक किलो भरतं, हे सुमारे एक किलो शंभर ग्रॅम.

हा शंभर ग्रॅमचा फरक येतो कुठून? पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. साध्या हायड्रोजनच्या गाभ्यात एकच प्रोटॉन असतो. क्वचित एखाद्या अणूत प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉनही बसलेला असतो. अशा हायड्रोजनला ड्यूटेरियम म्हणतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ हॅरोल्ड युरी यांनी तो १९३१ मध्ये शोधला आणि १९३४ चं नोबेल मिळवलं. ड्यूटेरियमपासून बनलेलं पाणी म्हणजे जड पाणी. ते ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं, १०१.४ अंशांना उकळतं, आणि त्याचा बर्फ साध्या पाण्यात टाकला तर तरंगत नाही, बुडतो. ते काही फक्त कारखान्यात तयार होणारं द्रव्य नव्हे. सातपाटीच्या समुद्रात, सूर्या नदीत, आपल्या माठात, सगळीकडे हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक अणू ड्यूटेरियमचा असतोच. अवघड काम असतं ते त्याला वेगळं काढण्याचं. आपल्या राज्यात ते अलिबागजवळच्या थळला होतं. तिथल्या खत कारखान्यात अमोनियासाठी जो वायू तयार होतो, त्यातलं ड्यूटेरियम जड पाण्याचा प्रकल्प काढून घेतो. हा प्रकल्प १९८७ पासून आहे. थळची खतं शेतात जातात आणि त्याच वायूतून निघालेलं जड पाणी अणुभट्टीत, हे मला फार विलक्षण वाटतं.

भट्टीत या पाण्याचं काम न्यूट्रॉनचा वेग कमी करण्याचं. युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा बाहेर पडणारे न्यूट्रॉन फार वेगवान असतात, आणि पुढचा अणू फोडण्यासाठी ते हळू व्हावे लागतात. साधं पाणी त्यांना हळू करतं, पण त्यातला हायड्रोजन काही न्यूट्रॉन गिळूनही टाकतो. मग तूट भरून काढायला इंधनातलं युरेनियम-२३५ चं प्रमाण कृत्रिमरीत्या वाढवावं लागतं. जड पाणी न्यूट्रॉन जवळजवळ गिळतच नाही, कारण ड्यूटेरियमजवळ एक न्यूट्रॉन आधीच असतो. त्यामुळे खाणीतून आलेलं नैसर्गिक युरेनियम, ज्यात युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं, तसंच वापरता येतं.

यात भारताचं राजकारण दडलेलं आहे. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६३ च्या भारत-अमेरिका करारातून आल्या, जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बनावटीच्या, आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. त्यांना समृद्ध युरेनियम लागे आणि ते अमेरिकेतून येई. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर त्या पुरवठ्यावरून वर्षानुवर्षं तणाव राहिला. पुढे फ्रान्सने आणि नंतरच्या काळात चीन आणि रशियानेही इंधन दिलं. तिसऱ्या-चौथ्या भट्टीला परदेशी समृद्ध इंधनाची गरज नव्हती. प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या या भट्ट्या भारतीय आराखड्याच्या. चौथी आधी तयार झाली, मार्च २००५ मध्ये तिच्यात अणुविखंडनाची साखळी सुरू झाली, आणि तिसरीत मे २००६ मध्ये. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांतल्या लोकांना आपली घरं सोडावी लागली. ‘स्वयंपूर्ण’ शब्द लिहिताना ही किंमतही लिहिली पाहिजे.

जड पाण्याबद्दलची एक भीती मात्र दूर करायला हवी. ‘हेवी’ या शब्दामुळे ते किरणोत्सारी असणारच, असं अनेकांना वाटतं. ड्यूटेरियम हा स्थिर अणू आहे. ताजं जड पाणी किरणोत्सारी नसतं. भट्टीत बराच काळ राहिल्यावर त्यातल्या काही ड्यूटेरियमचं ट्रिटियम होतं आणि ते किरणोत्सारी असतं, म्हणून भट्टीतलं जड पाणी काळजीने हाताळतात. धोका कुठे आहे आणि कुठे नाही, हे ‘हेवी’ हा शब्द इथे अजिबात सांगत नाही.

हेवी मेटलच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. तिथे शब्द वजनाचा आणि आशय विषाचा. शिसं, पारा, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक ही नेहमीची नावं. घनता पाचपेक्षा जास्त तो जड धातू, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. त्या नियमाने लोखंड, जस्त आणि तांबंही जड धातू ठरतात, आणि या तिघांशिवाय आपलं शरीर चालत नाही. सोनं शिशापेक्षा कितीतरी जड आहे, पण दागिन्याने कोणाला विषबाधा होत नाही. आर्सेनिक तर धड धातूही नाही. क्रोमियमचं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. त्याचं सहा-संयुजी रूप कर्करोगकारक मानलं जातं आणि तीन-संयुजी रूप कितीतरी कमी घातक, पण दोन्हींत अणू तोच आणि वजनही तेच. जॉन डफस या रसायनशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसाठी याच विषयावर अहवाल लिहिला आणि ‘जड धातू’ ही संज्ञाच अर्थहीन आहे का, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. मला त्यांचा मुद्दा पटतो.

तारापूरला हा वाद पुस्तकी राहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातल्या शंभर औद्योगिक पट्ट्यांमध्ये तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे सर्वांत जास्त आला. वसाहतीतलं सांडपाणी नवापूरच्या बाजूला समुद्रात सोडलं जातं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हा प्रश्न घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने प्रदूषण करणाऱ्यांकडून भरपाई वसूल करण्याचा आदेश दिला. अशा वेळी ‘पाण्यात हेवी मेटल आहेत’ एवढं वाक्य कोणाच्याच उपयोगाचं नसतं. कोणता धातू, कोणत्या रूपात, लिटरला किती? पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. पाऱ्याची मर्यादा शिशाच्या दहाव्या हिश्शाइतकी, ती काही पारा जास्त जड आहे म्हणून नाही. जपानच्या मिनामाता उपसागरातला पारा मासळीतून माणसांपर्यंत पोचला आणि तिथला आजार १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदला गेला. म्हावऱ्यावर जगणाऱ्या किनाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. तपासणीचा अहवाल हातात आला की विशेषण सोडून आकड्यांच्या रकान्याकडे बघायचं.

आता रस्ता. ‘हेवी ड्रायव्हर पाहिजे’ ही पाटी वसाहतीत जागोजागी दिसते. ड्रायव्हर अंगाने हेवी असावा, असं कोणालाही वाटत नाही. विशेषण माणसाला लावलेलं असलं तरी त्याचा रोख गाडीवर असतो. इंग्रजीतही ‘हेवी स्मोकर’ म्हणजे भरपूर सिगारेटी ओढणारा, मग तो किडकिडीत का असेना. कायद्याला असली मोकळीक चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे भरलेल्या अवस्थेतलं अनुज्ञेय वजन १२,००० किलोपेक्षा जास्त असेल तर मालवाहू गाडी हेवी, ७,५०० किलोपर्यंत लाइट, आणि अधलीमधली मीडियम. रिकामा ट्रक हलका आहे म्हणून तो हेवी नाही, असं होत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की, लाइट गाडीचं लायसन असलेला चालक ७,५०० किलोपर्यंतची व्यावसायिक गाडीही वेगळ्या नोंदीशिवाय चालवू शकतो. टेम्पो चालवणाऱ्या पोरांसाठी हा फार मोठा दिलासा होता, कारण अपघातानंतर विम्याचे दावे याच मुद्द्यावर अडत.

पण रस्त्याच्या दृष्टीने हेवी काय, हे गाडीच्या एकूण वजनावरून ठरत नाही. रस्ता सोसतो तो एकेका आसाचा भार. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून चाचण्या झाल्या आणि त्यांतून एक ढोबळ नियम हाती आला. आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी त्या वाढीच्या चौथ्या घाताने वाढते. भार २० टक्क्यांनी वाढवला तर हानी दुपटीच्या वर जाते. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली गेली. चौथ्या घाताच्या नियमाने त्या एका आसामुळे होणारी झीज साधारण १.६ पट झाली. त्या मर्यादेच्या वर ओव्हरलोड. बोईसरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यांचा हिशेब मांडताना फक्त पावसाला बोल लावून चालणार नाही. रेल्वेतही हेच मोजमाप आहे. नेहमीच्या रुळांवर मालगाडीच्या आसाला सुमारे २३ टन चालतात. पालघर जिल्ह्यातून जाणाऱ्या पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्गावर २५ टन.

पावसाची मोजपट्टी हवामान खात्याने ठरवून दिली आहे. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ या चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे हेवी, ११५.६ ते २०४.४ म्हणजे व्हेरी हेवी, आणि त्यावर एक्स्ट्रीमली हेवी. वर्तमानपत्रं याला मुसळधार, अतिमुसळधार वगैरे म्हणतात. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर हेवी पावसाच्या खालच्या टोकालाच ६,४५० लिटर पाणी पडतं. सर्वांत वरच्या पायरीला मात्र छत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस आणि २०५ मिलिमीटरचा पाऊस एकाच नावाखाली येतात. शिवाय मिलिमीटर हे फक्त वरून पडणाऱ्या पाण्याचं माप. तोच ७० मिलिमीटर पाऊस उधाणाच्या भरतीत दोन तासांत पडला तर मुरबे-नांदगावच्या खाजणात पाणी तुंबतं, आणि दिवसभर रिपरिप पडला तर नाल्याने निघून जातो. म्हणून इशाऱ्याचा रंगही पाहायचा. पिवळा लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी तयारीत राहायला आणि लाल कृती करायला.

औषधाच्या दुकानात ‘गोळी हेवी आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते बहुधा मिलिग्रॅमचा आकडा पाहून बोललेलं असतं. तापावरची पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅमची असते, रक्तदाबावरची अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची. आकडा लहान म्हणून दुसरी गोळी सौम्य ठरत नाही. दोन वेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. सिझेरियनच्या वेळी पाठीच्या कण्यात देतात त्या ब्युपिव्हकेन इंजेक्शनच्या कुपीवर मात्र ‘हेवी’ असं खरोखर छापलेलं असतं. त्याचा तीव्रतेशी संबंध नाही. त्यात साखर मिसळून ते मणक्यातल्या द्रवापेक्षा घन केलेलं असतं, म्हणजे ते गुरुत्वाकर्षणाने खाली बसतं आणि रुग्णाला कसं निजवायचं यावरून भूल कुठवर चढेल ते डॉक्टरांना आवरता येतं. हॉस्पिटलमधल्या सगळ्या ‘हेवीं’मध्ये मूळ अर्थाला धरून राहिलेला हा एकच.

साडीवरचं हेवी वर्क, लग्नातलं हेवी जेवण, मित्राला दाद देताना म्हटलेलं ‘हेवी!’ यांना मोजपट्टी नसली तरी कोणाचं काही बिघडत नाही. डिपॉझिटमध्ये बिघडतं.

हेवी डिपॉझिट म्हणजे मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, भाडं अजिबात नाही किंवा नावापुरतं, आणि करार संपला की रक्कम परत. मालक त्या पैशावरचं व्याज वापरतो. किती रक्कम ‘हेवी’, हे एजंट सांगत नाही, पण सरकारच्या मुद्रांक शुल्काच्या हिशेबात त्याचं उत्तर आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावर ०.२५ टक्के शुल्क आकारताना परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरलं जातं. म्हणजे पाच लाख रुपये दिले तर सरकारच्या लेखी तुम्ही वर्षाला पन्नास हजार, महिन्याला चार हजारांच्या वर भाडं भरताय. त्या खोलीचं बाजारातलं भाडं याच्याशी ताडून बघा. यातला खरा धोका मुद्दल बुडण्याचा आहे. घर बँकेकडे तारण असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर बँक घराचा ताबा घेते आणि तुम्ही मालकाला दिलेली रक्कम तुम्हाला परत करणं हे बँकेचं काम नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळणाऱ्या मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. गावाकडची जमीन किंवा बायकोचे दागिने विकून पैसे उभे केले असतील तर एजंटच्या शब्दावर चावी घेऊ नका. घर तारण आहे का, हे सोसायटीला विचारा आणि तारणांच्या केंद्रीय नोंदणीत शुल्क भरून शोध घ्या. रक्कम रोख न देता बँकेतून द्या. पूर्ण आकडा, परत करण्याची तारीख आणि उशीर झाला तर काय, हे तिन्ही करारात अक्षरी लिहून घ्या, आणि करार नोंदवल्याशिवाय पैसे देऊ नका.